सहल कामगारांची, डोंगर कुणाचा?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

जून उजाडला की मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांमधून एक कागद फिरू लागतो. हल्ली तो मोबाइलवर फिरतो, पण मजकूर तोच असतो. नाव लिहा, वर्गणी द्या, रविवारी पहाटे स्टेशनवर इंडिकेटरखाली जमा. वर्षासहल! वर्षभर ज्यांचं एकमेकांशी फायलीपुरतंच बोलणं होतं, ती माणसं त्या दिवशी एकमेकांना हात देऊन ओढे ओलांडतात. मी ज्या छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून उमेदीची वर्षं काढली, तिथेही हा रिवाज होता. लोणावळ्याहून राजमाची, पंधरा-सोळा किलोमीटरची चाल. खिळे जुळवणारे, यंत्रावरचे, बाइंडिंगचे आणि आम्ही चष्मेवाले, सगळे एका रांगेत. वर्षभर आमच्या चुका आणि त्यांच्या चुका यांवरून चालणारी खडाजंगी त्या दिवशी बंद.

ही पद्धत कुणी सुरू केली असेल, हा प्रश्न मला निवृत्तीनंतर पडला. शोधता शोधता जे हाती लागलं, ते नुसतं सहलींचं पुराण नव्हतं. डोंगरात चालायला गेलेली माणसं तुरुंगात कशी गेली, तिथपर्यंत तो धागा गेला. त्याचीच गोष्ट आज सांगणार आहे.

सुरुवात योगायोगाने छापखान्यातच होते. जोसेफ मॉक्सन नावाच्या इंग्रज मुद्रकाने १६८३ मध्ये छपाईच्या कारागिरीवर पुस्तक लिहिलं. खिळे कसे ओतावेत, शाई कशी लावावी, हे सांगता सांगता त्याने छापखान्यातल्या चालीरीतीही नोंदवून ठेवल्या. त्यातली एक अशी. ऑगस्टच्या चोवीस तारखेला संत बार्थोलोम्यूचा सण येई. त्या सुमारास कामगार छापखान्याच्या खिडक्यांना नवा कागद लावत. त्या दिवशी मालकाने त्यांना आपल्या घरी जेवण द्यायचं आणि वर रात्री गुत्त्यात खर्च करायला पैसेही द्यायचे. या मेजवानीचं नाव ‘वेझगूज’. शब्दाच्या व्युत्पत्तीवर पंडितांचं आजही एकमत नाही. पण मॉक्सनने पुढे जे लिहिलंय, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ही मेजवानी मिळेपर्यंत कामगार मेणबत्तीच्या उजेडात काम करत नसत.

आता बघा, ऑगस्ट संपताना तिकडे दिवस लहान होऊ लागतो. म्हणजे यापुढे अंधार पडल्यावरही काम करावं लागणार. मालक जेवू घालतो ते त्यासाठी. आपल्याकडे खंडेनवमीला यंत्रांना झेंडूच्या माळा घालून पेढे वाटतात. त्या पेढ्यांत जिव्हाळा असतो आणि थोडा हिशेबही असतो, तसंच हे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि या मेजवानीचं रूप पालटलं. छापखान्यातली मंडळी उन्हाळ्यातला एक दिवस ठरवून गावाबाहेर जाऊ लागली. नाव मात्र वेझगूजच राहिलं.

इतर धंद्यांनीही हा कित्ता गिरवला. बर्टनच्या बास या दारूभट्टीची सहल तर प्रसिद्धच होती. १८६५ ते १९१४ या काळात ही कंपनी आपल्या कामगारांना आणि त्यांच्या बायकामुलांना समुद्रकाठी नेत असे. पुढे पुढे हा पसारा इतका वाढला की एका दिवसासाठी पंधरा-पंधरा, सतरा-सतरा खास गाड्या सोडाव्या लागत. पहिली गाडी पहाटे चारच्या सुमारास सुटे आणि मागोमाग दहा-दहा मिनिटांनी बाकीच्या. आठ-दहा हजार माणसं! कंपनीच्या रेल्वे विभागाचा प्रमुख कुठे काय बघावं याची छापील पुस्तिकाही आधी वाटत असे. शेवटची सहल जुलै १९१४ मध्ये स्कारबरोला गेली. पंधरवड्याच्या आत महायुद्ध सुरू झालं.

या सहलींना नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. ज्या मुलांनी समुद्र कधीच पाहिला नव्हता, त्यांनी तो पाहिला. पण दिवस मालकाचा, गाडी मालकाची आणि गावही मालकाने ठरवलेलं. कामगारांनी स्वतः ठरवून, स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या पायांनी चालायला जाणं ही वेगळी गोष्ट. तिला दोन गोष्टी लागतात, मोकळा दिवस आणि मोकळी वाट. या दोन्ही गोष्टी कुणी आपणहून दिल्या नाहीत.

आधी दिवसाचं बघू. एलिझाबेथ गॅस्केल यांची ‘मेरी बार्टन’ ही १८४८ मधली कादंबरी. मँचेस्टरच्या गिरणीकामगारांचं जिणं मांडणारं हे पुस्तक सुरू होतं ते गिरणीत नाही, तर शहराबाहेरच्या ग्रीन हेज फील्ड्स नावाच्या शेतांमध्ये. सुट्टीच्या दिवशी गिरणीतल्या पोरी आणि कुटुंबं तिथे पायी फिरायला आली आहेत. त्याच कादंबरीत गॅस्केलबाई असंही सांगतात की, ओल्डहॅमकडच्या विणकरांत वनस्पतिशास्त्राचे गाढे जाणकार होते. माग चालवता चालवता ग्रंथ वाचायचे आणि सुट्टी मिळाली की रानात जाऊन झाडं ओळखायची. म्हणजे डोंगर-रानाची ओढ ही काही शिकलेल्या बाबू लोकांची मिरास नव्हती. दोन वर्षांनी, १८५० च्या कारखाने कायद्याने कापड गिरण्यांमधल्या बायका आणि अल्पवयीन कामगार यांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवणं भाग पडलं. त्यांच्यावाचून गिरणी चालत नसल्यामुळे पुरुषांचीही सुटका झाली. फुटबॉल, सायकल, गिर्यारोहण हे सगळं पुढे त्या अर्ध्या शनिवारातून वाढलं.

इथे मुंबईची आठवण येणं अपरिहार्य आहे. मँचेस्टरच्या कामगाराला अर्धा शनिवार आणि आख्खा रविवार मिळत होता, तेव्हा परळ-लालबागच्या गिरण्यांत आठवड्याची हक्काची सुट्टी अशी नव्हतीच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना संघटित केलं, ‘दीनबंधु’तून त्यांची बाजू मांडली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तीत दोन बायकाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. यात गंमत अशी की, मुंबईच्या गिरण्यांवर कायद्याची बंधनं यावीत म्हणून लँकेशायरचे मालकही धडपडत होते. त्यांना मुंबईच्या कामगाराचा कळवळा होता असं नव्हे. मुंबईचं स्वस्त सूत त्यांना खुपत होतं. ते काही असो, आपण रविवारी राजमाचीला जातो, त्या रविवाराच्या मागे लोखंड्यांची ती सभा आहे.

आता वाट. हे प्रकरण जास्त चिघळलं. इंग्लंडात गावांची सामाईक राने आणि माळ कुंपणं घालून खासगी करण्याचं सत्र अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जोरात होतं. मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन उद्योगनगरांच्या मधोमध पीक डिस्ट्रिक्टचा डोंगराळ प्रदेश आहे. त्यातला सगळ्यांत उंच भाग म्हणजे किंडर स्काउट. उंची ६३६ मीटर, म्हणजे आपल्या मानाने टेकाडच! पण वर काळ्या, भिजलेल्या मातीचं अफाट पठार आहे. तिथे ग्राउस नावाचा तित्तिरासारखा पक्षी असतो. त्याच्या शिकारीचा हंगाम १२ ऑगस्टला सुरू होतो. बडे जमीनदार आपल्या पाहुण्यांना घेऊन वर्षातले मोजके दिवस तिथे शिकारीला येत. त्या मोजक्या दिवसांसाठी बारा महिने पठार बंद. वाटेवर दंडुकेवाले राखणदार आणि ‘आत येणाऱ्यावर खटला भरला जाईल’ अशा पाट्या. तळात दोन शहरांचा धूर आणि दोन्हीकडून दिसणारा बंद डोंगर, असा तो मामला होता.

जुन्या पायवाटा वाचवण्यासाठी मँचेस्टरात १८२६ मध्येच एक संस्था निघाली होती. १८८४ मध्ये जेम्स ब्राइस यांनी डोंगरांवर जाण्याची मुभा देणारं विधेयक पार्लमेंटात मांडलं. ते पडलं, पुन्हा मांडलं, पुन्हा पडलं. १८९६ मध्ये बोल्टन गावाजवळच्या विंटर हिलवरची वाट एका जमीनमालकाने बंद केली, तेव्हा सप्टेंबरच्या एका रविवारी सुमारे दहा हजार लोक फाटक मोडून वर चालत गेले. कोर्टात मालक जिंकला. ती वाट सार्वजनिक म्हणून जाहीर व्हायला १९९६ साल उजाडावं लागलं. शंभर वर्षं! आपल्याकडचे दावे लांबतात म्हणून आपण कुरकुरतो, त्यांना हे ऐकवायला हरकत नाही.

१८९४ मध्ये शेफील्ड-मँचेस्टर रेल्वेमार्ग होप खोऱ्यातून सुरू झाला. त्यासाठी टॉटली इथे साडेपाच किलोमीटरहून लांब बोगदा खणावा लागला. त्यामुळे किंडरच्या पायथ्याचं ईडेल हे गाव एकाएकी दोन्ही शहरांच्या हाकेच्या अंतरावर आलं. आणि मग आमच्या गोष्टीचा नायक प्रवेश करतो.

जी. एच. बी. वॉर्ड हा शेफील्डचा कारखान्यातला फिटर. १८७६ चा जन्म. रॉबर्ट ब्लॅचफर्ड यांच्या ‘क्लॅरियन’ या समाजवादी साप्ताहिकाचा तो वाचक होता. त्याच अंकात त्याने जाहिरात दिली की, रविवारी किंडरला वळसा घालायचा आहे, यायचं असेल त्यांनी यावं. २ सप्टेंबर १९०० रोजी शेफील्ड स्टेशनवर चौदा जण जमले. अकरा पुरुष, तीन बायका. गाडीने ईडेल आणि तिथून सुमारे बत्तीस किलोमीटरची पायपीट. त्या चालीतून ‘शेफील्ड क्लॅरियन रॅम्बलर्स’ हे मंडळ जन्माला आलं. उत्तर इंग्लंडमधलं कामगारांचं हे पहिलं भटकं मंडळ समजतात. त्या तीन बायकांची मला फार अपूर्वाई वाटते. घोट्यापर्यंत घागरा, चामड्याचे बूट आणि पाय घोट्याच्या वर बुडेल असा चिखल!

या मंडळाची खरी कमाई म्हणजे त्याची हँडबुकं. दरवर्षी निघणारी, बंडीच्या खिशात मावेल एवढी चिमुकली पुस्तिका. वर्षभराच्या सहलींच्या तारखा, पुढारी कोण, गाडी कधीची हे तर त्यात असेच. पण वॉर्ड तेवढ्यावर थांबत नसे. अमुक ओढ्याचं नाव कुठून आलं, तमुक खिंडीतून पूर्वी कोणते बैपारी घोडे हाकत जात, जुन्या नकाशात कोणती वाट दिसते जी आज बंद आहे, असं सगळं तो त्यात घालत असे. त्यासाठी त्याने जुने दस्तऐवज, हद्दींचे कागद धुंडाळले. मी आयुष्यभर दुसऱ्यांची प्रुफं वाचली. त्यामुळे दिवसा नोकरी करून रात्री बारीक टायपात हे लिहिणारा माणूस मला अगदी जवळचा वाटतो. वाट बंद करणाऱ्याच्या हातात दंडुका होता, वॉर्डच्या हातात नकाशा. वॉर्डचा उपद्रव जमीनमालकांना इतका जाणवला की, १९२० च्या दशकात त्याच्यावर किंडरला पाऊल न ठेवण्याचा मनाईहुकूम आणण्यात आला.

१९२६ पासून विनॅट्स पास नावाच्या घळीत दरवर्षी भटक्यांची सभा भरू लागली. भाषणं होत, ठराव होत, माणसं घरी जात. तरुणांना हे पुरेना. त्यातच मंदीचे दिवस. गिरण्या आणि पोलादाचे कारखाने बंद पडत होते, लोकांकडे रिकामा वेळ होता आणि खिशात दमडी नव्हती. फुकट मिळण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, डोंगरावरची हवा. तीही बंद. १९३२ च्या ईस्टरला ब्रिटिश वर्कर्स स्पोर्ट्स फेडरेशनच्या काही तरुणांना राखणदारांनी ब्लीकलो डोंगरावरून हुसकावून लावलं. मूठभर आहोत म्हणून हाकलतात, शेकड्यांनी गेलो तर काय करतील, असा विचार त्यांनी केला. त्यांचा म्होरक्या होता बेनी रॉथमन, वय वर्षं वीस, मोटार गॅरेजमधला मुलगा.

२४ एप्रिल १९३२, रविवार. रॉथमन मँचेस्टरहून हेफील्डला सायकलवरून आला. गावातल्या मैदानावर सभेला बंदी होती. म्हणून मंडळी बोडन ब्रिजच्या दगडाच्या खाणीत जमली. एका खडकावर उभं राहून त्याने भाषण केलं आणि सुमारे चारशे जण गाणी म्हणत डोंगर चढू लागले. वर राखणदार दंडुके घेऊन उभे होते. थोडी झोंबाझोंबी झाली, एक राखणदार जखमी झाला. ही माणसं वर पोचली. पलीकडून, ईडेलच्या बाजूने शेफील्डची तुकडी आली होती, ती त्यांना भेटली. सगळे परत गावात उतरले, तेव्हा पोलीस वाट बघत होते.

इथे कायद्याची एक बारीक गोष्ट सांगायला हवी. दुसऱ्याच्या जमिनीत नुसतं चालणं हा इंग्लंडात फौजदारी गुन्हाच नव्हता, तो दिवाणी मामला. म्हणजे पाट्यांवरची धमकी पोकळ होती. खटला भरला तो दंगलीचा आणि बेकायदा जमावाचा. सहा जणांना अटक झाली होती. जुलैत डर्बीच्या कोर्टात पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला चार महिने. ज्या ग्रँड ज्युरीपुढे हे प्रकरण आलं, तिच्यात लष्करी अधिकारी आणि जमीनदार यांचाच भरणा होता. कामावर जाणाऱ्या पोरांनी डोंगरावर का जावं, हे त्यांना कळावं तरी कसं?

आपल्याला वाटेल की, सगळी भटकी मंडळं रॉथमनच्या मागे उभी राहिली असतील. तसं झालं नाही. मँचेस्टरच्या मान्यवर संघटनेने या प्रकाराचा निषेध केला. आमची वर्षांची बोलणी तुम्ही एका दिवसात नासवलीत, असं त्यांचं म्हणणं होतं. मला दोन्ही बाजू समजतात. वॉर्डचे नकाशे नसते, तर कोणती वाट जुनी हे सांगता आलं नसतं. आणि रॉथमनची पोरं तुरुंगात गेली नसती, तर त्या नकाशांकडे कुणी पाहिलं नसतं. शिक्षांची बातमी फुटली आणि जी विनॅट्स पासची सभा दरसाल शांतपणे उरकत असे, तिला त्या वर्षी हजारोंचा समुदाय लोटला.

पुढचं भरभर सांगतो. १९३९ मध्ये एक कायदा झाला, पण तो इतका पातळ करून टाकलेला होता की भटके त्यावर संतापलेच. महायुद्धानंतर ॲटली यांच्या मजूर सरकारने १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण भागात जाण्याच्या मुभेचा कायदा केला. एप्रिल १९५१ मध्ये ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, ते पीक डिस्ट्रिक्टच. २४ एप्रिल १९६५ रोजी ईडेलपासून स्कॉटलंडच्या हद्दीपर्यंतची सव्वाचारशे किलोमीटरहून लांब ‘पेनाइन वे’ ही पायवाट खुली झाली. पुन्हा २४ एप्रिल! महालक्ष्मीच्या सभेचीही तीच तारीख होती, हा निव्वळ योगायोग, पण माझ्यासारख्या तारखा तपासणाऱ्या माणसाच्या नजरेतून तो सुटत नाही. १९८२ मध्ये किंडरचं पठार नॅशनल ट्रस्टने विकत घेतलं. २००० च्या कायद्याने इंग्लंडमधल्या डोंगर-माळांवर मोकळेपणाने चालण्याचा हक्क मिळाला. तरी तो लागू झाला तो देशाच्या साधारण आठ टक्के भूमीलाच.

मुलगी मँचेस्टरला असताना मी हेफील्डला जाऊन आलो. खाणीच्या दगडात एक फलक बसवलेला आहे. जागा इतकी साधी आहे की माहीत नसेल तर गाडी उभी करायची जागा समजून माणूस पुढे निघून जाईल. २००२ मध्ये, घटनेला सत्तर वर्षं झाली तेव्हा, इथेच डेव्हनशरच्या अकराव्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वतीने जाहीर माफी मागितली. रॉथमन ती ऐकायला नव्हता. तीनच महिन्यांपूर्वी, त्याच वर्षीच्या जानेवारीत तो वारला होता.

आपल्या सह्याद्रीत पाहुण्यांच्या शिकारीसाठी राखलेले असे माळ नव्हते, पण म्हणून वाटा सगळ्यांना मोकळ्या होत्या असंही नाही. १८७८ च्या जंगल कायद्याने ठाकर-कातकऱ्यांच्या सरपणाच्या, गुरांच्या वाटा सरकारच्या मर्जीवर गेल्या. आपण शहरातले लोक ज्यांना ‘ट्रेकिंगच्या वाटा’ म्हणतो, त्या बहुतेक दूध, मोळी आणि बाजार डोक्यावर घेऊन उतरणाऱ्यांनी मळलेल्या आहेत. आता निराळीच अडचण आहे. जून २०२४ मध्ये भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले आणि त्यानंतर ठिकठिकाणी बंदीचे हुकूम निघाले. पाण्यात पाय घसरून माणसं मरू नयेत हे कुणीही म्हणेल. पण सगळा डोंगरच बंद करणं हे सोपं असतं. कुठला दगड निसरडा आहे, कुठली वाट आत जाते आणि कुठली कड्यावर संपते, हे खिशातल्या पुस्तिकेत लिहून ठेवणं कठीण असतं. आपल्याकडच्या काही गिरिभ्रमण मंडळांनी ते चिवटपणे केलेलं आहे.

ते काम वॉर्डने साठ वर्षांच्या आसपास केलं. १९४५ च्या एप्रिलमध्ये शेफील्डच्या भटक्यांनी वर्गणी काढून लूज हिल या डोंगरावरची चोपन्न एकर जमीन विकत घेतली आणि तिची कागदपत्रं वॉर्डच्या हातात ठेवली. ज्याला एका डोंगरावर पाऊल ठेवायला कोर्टाने मनाई केली होती, तो आता त्याच्या समोरच्याच डोंगराचा मालक झाला होता. वॉर्डने ती जमीन लगोलग नॅशनल ट्रस्टला देऊन टाकली, म्हणजे कुणालाही तिच्यावरून जाता यावं. ‘वॉर्ड्स पीस’ या नावाने ती ओळखली जाते. १९५७ मध्ये वॉर्ड गेला. त्याच्यामागे ती चिमुकली हँडबुकं आणखी काही वर्षं निघत राहिली.